कावीळ, काढा आणि अनंताचं फळ

चीनमध्ये काविळीवर 'यिन छेन हाव थांग' हा काढा सुमारे १,८०० वर्षांपासून उकळला जातो. झांग झोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथात त्याची कृती आहे. घटक तीनच, आणि आपल्याला फारसे परके नाहीत: दवण्याच्या जवळच्या नात्यातली एक सुवासिक वनस्पती, अंगणातल्या अनंताचं वाळलेलं फळ आणि रेवाचिनीचं मूळ. आधी पहिली वनस्पती पाणी निम्मं होईतो उकळायची, मग बाकीचे दोन्ही घालून पाव उरेपर्यंत आटवायचं.

यात विज्ञान आहे का? थोडं नक्कीच. त्या पहिल्या वनस्पतीतलं 'स्कोपॅरोन' हे द्रव्य यकृतपेशींतल्या 'कार' नावाच्या ग्राहीला जागं करतं आणि त्वचा पिवळी करणाऱ्या बिलिरुबिनचा निचरा वेगाने होतो, असं २००४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. पण पिवळेपणा उतरला म्हणजे आजार गेला असं नव्हे. हिपॅटायटिस बी किंवा पित्तनलिकेतला खडा तिथेच राहतो.

शिवाय 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे. केस काळे राहावेत म्हणून घेतलं जाणारं 'हे शोऊ वू' हे मूळ स्वतःच यकृताला सूज आणू शकतं. म्हणून काढा प्यायचाच असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. औषधं मात्र बंद करू नका.