चेंडू-अजगराचे घर

अजगर म्हटला की भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढे एखाद्या मोठ्या वृक्षाखाली सुस्त पडलेला, हरणाचे पाडस अखंड गिळू शकणारा प्रचंड सर्प उभा राहतो. परंतु अजगरांच्या कुळातील सर्वच प्राणी इतके अवाढव्य नसतात. पश्चिम व मध्य आफ्रिकेत, सेनेगलपासून युगांडापर्यंत पसरलेल्या गवताळ मैदानांत आणि विरळ अरण्यांत, अजगराची एक लहानखुरी जात राहते. तिची पूर्ण वाढ झालेली मादी बहुधा सव्वा ते दीड मीटर लांबीची भरते. नर त्याहून आखूड व सडपातळ असतो. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी १८०२ साली या सर्पाचे वर्णन केले. 'पायथन रेजिअस' म्हणजे 'राजस अजगर' हे त्याचे शास्त्रीय नाव होय. परंतु पाळणाऱ्यांच्या जगात तो 'बॉल पायथन', म्हणजे चेंडू-अजगर, या नावानेच परिचित आहे. भय वाटले असता तो बहुधा पळत नाही, की चावावयास धावत नाही. डोके मध्यभागी दडवून तो शरीराचा घट्ट चेंडू करतो व संकट टळण्याची वाट पाहतो.

या सौम्य स्वभावामुळे आणि बेताच्या आकारामुळे युरोप व अमेरिकेत तो पाळीव सर्पांमध्ये अत्यंत लोकप्रिय झाला आहे. त्यांपैकी पुष्कळ सर्प आज पाळणाऱ्यांकडेच जन्मतात; तथापि घाना, टोगो व बेनिन या देशांतून त्यांची निर्यातही मोठ्या प्रमाणावर होत आली आहे. तेथे रानातून गाभण माद्या व अंडी गोळा करून पिले उबवून घेतात आणि ती परदेशी पाठवितात.

अशा सर्पाला नव्या घरी आणल्यानंतर एक तक्रार वारंवार ऐकू येते : तो काही खात नाही, कोपऱ्यात गुंडाळी करून पडून राहतो. पाळणाऱ्याला वाटते की प्राणी आजारी असावा, किंवा हट्टी असावा. पुष्कळदा दोष प्राण्याचा नसून पेटीचा असतो. चेंडू-अजगराला पेटी हे केवळ राहण्याचे ठिकाण नव्हे. त्याच्या शरीराचे कार्य नीट चालावयाचे तर जी ऊब, जो ओलावा व जी निर्धास्तता लागते, ती सर्व त्याला पेटीतूनच मिळवावी लागते.

बिळातील जीवन

हे समजण्यासाठी त्याच्या मूळ वसतिस्थानाकडे पाहिले पाहिजे. चेंडू-अजगर दिवसाचा बहुतेक काळ उंदीरवर्गीय प्राण्यांनी सोडलेल्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत घालवितो. बाहेर भर दुपारी गवत करपत असते, कोरडा वारा वाहत असतो. परंतु जमिनीखालील बिळात तापमान फारसे बदलत नाही व हवा दमट राहते. बीळ अरुंद असल्यामुळे शरीराला सर्व बाजूंनी मातीचा स्पर्श होतो आणि शत्रूला आत येण्यास वाव उरत नाही. सूर्यास्तानंतर तो भक्ष्य शोधण्यास बाहेर पडतो. त्याच्या ओठांच्या कडेला असलेल्या लहान खळग्यांना उष्णतेची जाणीव होते. त्यामुळे काळोखातही उष्ण रक्ताच्या उंदराचा त्याला सुगावा लागतो. कोवळे सर्प व नर झाडाझुडपांवर चढून पक्ष्यांचीही शिकार करतात, असे नायजेरियातील निरीक्षणांत दिसून आले आहे.

मनुष्य किंवा कुत्रा अन्न पचवून आपल्या शरीरातच उष्णता निर्माण करतो. सर्पाची गोष्ट वेगळी आहे. त्याला उष्णता बाहेरूनच मिळवावी लागते. हवी असेल तेव्हा उबेकडे आणि नको असेल तेव्हा गारव्याकडे सरकणे, हाच त्याचा उपाय. भक्ष्य गिळल्यानंतर पुरेशी ऊब मिळाली नाही, तर पचन मंदावते आणि पोटातील अन्न पुष्कळदा तसेच बाहेर टाकले जाते. म्हणून सर्पासाठी 'योग्य तापमान' असा एकच आकडा नसतो. त्याला निवड करता येईल अशी तापमानांची चढती श्रेणी लागते.

ऊब आणि गारवा

यासाठी पेटीच्या एकाच टोकाला उष्णतेची सोय करावी. उष्ण बाजूची हवा सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअस असावी, तर दुसरे टोक २५ ते २७ अंशांच्या दरम्यान राहावे. रात्री थोडा गारवा चालतो. तथापि कोठेही तापमान २४ अंशांखाली जाऊ देऊ नये. उष्णतेसाठी पेटीच्या तळाखाली बसवावयाची विजेची पट्टी किंवा वरून लावावयाचा उष्णतादीप वापरतात. साधन कोणतेही असो, ते थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान ठराविक मर्यादेत राखणाऱ्या यंत्राला, जोडलेलेच असले पाहिजे. थर्मोस्टॅटशिवाय तीच पट्टी इतकी तापू शकते की सर्पाचे पोट भाजून निघावे. अंगाखालील पृष्ठभाग घातक प्रमाणात तापला असतानाही सर्प पुष्कळदा तेथून हलत नाही, हा धोका विशेष ध्यानात ठेवावा. याच कारणास्तव दिव्याभोवती जाळी असावी आणि बाजारात मिळणारे विजेचे 'तापणारे दगड' वर्ज्य समजावेत.

हाताने काच चाचपून उष्णतेचा अंदाज घेणे उपयोगाचे नाही. दोन्ही टोकांना एकेक तापमापक असावा आणि प्राणी घरी आणण्यापूर्वी काही दिवस पेटी रिकामीच चालवून आकडे स्थिर राहतात की नाही, हे पाहावे. प्रथम सर्प आणावयाचा आणि मग पेटीची जुळवाजुळव करावयाची, हा क्रम अनेक कष्टांचे मूळ होय.

लपण्याची जागा

पूर्ण वाढ झालेल्या सर्पासाठी सुमारे १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच अशी पेटी सामान्यतः सुचविली जाते. आखडलेले शरीर त्याला मधूनमधून सरळ ताणता आले पाहिजे. पिलू मोठ्या पेटीत घाबरते असा समज आहे. पिलू घाबरते ते मोकळ्या, उघड्या जागेला. पेटी पाने, साली व फांद्यांनी भरलेली असली, तर तिच्या आकाराची त्याला भीती वाटत नाही.

या पेटीत कमीत कमी दोन लपण्याच्या जागा हव्यात : एक उष्ण टोकाला, एक गार टोकाला. एकच जागा ठेवली, तर सर्पाला ऊब आणि सुरक्षितता यांपैकी एकीचा त्याग करावा लागतो. आणि तो बहुधा सुरक्षितता पत्करून गारठत राहतो. लपण्याची जागा प्रशस्त नको. वेटोळे घातलेल्या सर्पाच्या अंगाला तिच्या भिंती टेकतील, इतकीच ती असावी. दारही एकच व लहान असावे. मातीचे भांडे एका बाजूस फोडून, कडा घासून गुळगुळीत करून पालथे घातले तरी ते काम देते. चढण्यासाठी एखादी मजबूत फांदी ठेवावी. पेटीच्या तीन बाजू अपारदर्शक असल्यास उत्तम. झाकण किंवा दार कुलूपबंद असावे. कारण डोके शिरेल एवढी फट सर्पाला निसटून जावयास पुरते.

ओलावा आणि कात

हवेतील आर्द्रता ५० ते ६० टक्के असावी व कात टाकण्याच्या दिवसांत ती ७० टक्क्यांच्या आसपास न्यावी. कात टाकण्यापूर्वी सर्पाचे डोळे निळसर व धूसर होतात, रंग फिका पडतो. त्याला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक कवच असते व तेही कातेबरोबर निघते. हवा कोरडी असेल, तर कात तुकड्यातुकड्यांनी सुटते, शेपटीच्या टोकाशी किंवा डोळ्यावर चिकटून राहते. ती ओढून काढणे धोक्याचे आहे. ओलसर शेवाळ घातलेल्या बंद डब्यात सर्पाला काही वेळ राहू दिल्यास ती बहुधा आपोआप सैल होते.

तळाशी नारळाच्या सोडणाचा भुसा काही सेंटिमीटर जाडीचा पसरावा. तो ओलावा धरून ठेवतो. मात्र तळ चिखलासारखा ओला राहिला, तर पोटाकडील खवल्यांना व्रण पडतात. देवदार व चीड यांचा भुसा वापरू नये; त्यांतील तेलांची वाफ श्वसनास अपायकारक असते. अंग बुडवून बसता येईल असे पाण्याचे जड भांडे ठेवावे व पाणी रोज बदलावे.

पहिले काही आठवडे

नवा सर्प पेटीत सोडल्यावर पहिला आठवडाभर त्याला हात लावू नये. त्यानंतर संध्याकाळी, मंद उजेडात, गोठवून ठेवलेला व पूर्णपणे निवळवून कोमट केलेला उंदीर लांब चिमट्याने पुढे करावा. भक्ष्याची जाडी सर्पाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी. जिवंत उंदीर पेटीत सोडणे अयोग्य. घाबरलेला उंदीर सर्पालाच गंभीर चावे घेऊ शकतो. खाल्ल्यानंतर दोन दिवस सर्पाला उचलू नये.

तरीही त्याने अन्न नाकारले, तर प्रथम आकडे तपासावेत : ऊब, आर्द्रता, आडोसा. प्रौढ चेंडू-अजगर निसर्गातही महिनोन्‌महिने उपवास करतो. म्हणून दर आठवड्यास वजन करून टिपून ठेवावे. वजन टिकून असेल, तर घाई नको. ते सतत घटत असेल किंवा तोंड उघडे ठेवून श्वास चालू असेल, तर पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. सर्पांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. पेटीला वा प्राण्याला स्पर्श केल्यानंतर साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यापासून दूर ठेवावे.

जबाबदारीची मुदत

ही सर्व व्यवस्था किती काळ चालवावयाची, हा प्रश्न फारच थोडे लोक आधी विचारतात. चांगल्या निगेत हा सर्प सहज वीस ते तीस वर्षे जगतो. अमेरिकेतील सेंट लुई प्राणिसंग्रहालयाला १९६१ साली एका खाजगी मालकाने दिलेली मादी २०२० साली जिवंत होती. एवढेच नव्हे, तर त्या वर्षीच्या जुलैमध्ये, दोन दशकांहून अधिक काळ नराचा सहवास नसताना, तिने सात अंडी घातली. त्या वेळी तिचे वय किमान ६२ वर्षांचे मानले गेले. दहा वर्षांच्या मुलाने हौसेने आणलेला सर्प त्याच्या प्रौढपणीही त्याच पेटीत ऊब शोधीत असेल, हे पालकांनी समजून घ्यावे.

भारतात या विषयाला कायद्याचीही बाजू आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे. त्याला पकडणे वा घरी ठेवणे हा गुन्हा होय. चेंडू-अजगर 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात मोडतो. अशा विदेशी प्राण्यांनाही २०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमाच्या कक्षेत आणले आहे. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे त्याची नोंदणी केली पाहिजे. चोरट्या मार्गाने, कापडी पिशव्यांत कोंबून आणलेले सर्प विमानतळांवर जप्त झाल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यांतील कित्येक प्रवासातच मरतात. कंटाळा आला म्हणून विदेशी सर्प रानात सोडणे तर सर्वथा अनुचित. फ्लॉरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत पसरलेल्या ब्रह्मी अजगरांनी तेथील सस्तन प्राण्यांची जी हानी केली, ती या निष्काळजीपणाची साक्ष आहे.

पेटी साधली की नाही, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. भ्यालेला सर्प चेंडू होतो. निर्धास्त सर्प संध्याकाळी आडोशातून डोके बाहेर काढतो, जिभेने हवा चाचपतो, फांदीवर चढतो, पाणी पितो आणि पहाटे पुन्हा आपल्या बिळात शिरतो. ज्या पेटीत त्याला चेंडू होण्याची गरजच भासत नाही, ती पेटी त्याचे घर झाली असे समजावे.