हळदीचे गुण आणि उपचारांची मर्यादा

हिंगोली जिल्ह्यातील वसमत परिसराची ओळख हळदीमुळे आहे. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील संशोधन केंद्राच्या नावातही ‘हरिद्रा’ हे हळदीचे संस्कृत नाव आहे. या पिकातील करक्युमिन हा घटक आता कॅप्सूलच्या रूपाने शहरांतील औषध दुकानांत पोहोचला असून, सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत अनेक व्याधींवर तो गुणकारी असल्याचा प्रचार होतो. आधुनिक वैद्यकाच्या शेजारी अशा उपचारांचे स्थान कोणते, हे हळदीच्या उदाहरणावरून चांगले समजते.

सर्वप्रथम दोन शब्दांतील फरक लक्षात घ्यायला हवा. डॉक्टरांचे उपचार सुरू ठेवून त्यांच्या जोडीला घेतला जातो तो ‘पूरक’ उपचार. ते सोडून त्यांच्या जागी घेतला जातो तो ‘पर्यायी’ उपचार. भारतात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी आदी पद्धतींना कायद्याची मान्यता असून २०१४ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र आयुष मंत्रालय आहे. मात्र पद्धतीला मान्यता असणे म्हणजे तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक उत्पादनाचा गुण सिद्ध झालेला असणे नव्हे.

जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाला देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा विजय मोलाचा होता; पण त्यातून सिद्ध झाले ते इतकेच, की हा वापर भारतात पूर्वापार माहीत आहे. तो किती परिणामकारक आहे, याचा निवाडा रुग्णांवरील शास्त्रशुद्ध चाचण्यांनीच होतो. गुडघ्याच्या संधिवातात करक्युमिनमुळे वेदना काहीशा कमी झाल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. कर्करोग बरा होतो, असा पुरावा नाही.

दुसरा प्रश्न मात्रेचा. हळदीच्या पुडीत करक्युमिन साधारणतः दोन ते पाच टक्के असते आणि ते शरीरात फारच कमी शोषले जाते. काळ्या मिरीतील पिपेरिन सोबत दिल्यास माणसातील हे शोषण सुमारे वीस पटींनी वाढते, असे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. त्यामुळे अनेक कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क मिसळला जातो. साहजिकच, आमटीतील चिमूटभर हळद निर्धोक आहे म्हणून अशी कॅप्सूलही निर्धोकच असेल, असे म्हणता येत नाही. हळदीच्या उत्पादनांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले व एकाचा मृत्यू झाला. असे प्रकार विरळा असले, तरी कॅप्सूल सुरू असताना डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली, तर ती त्वरित थांबवून डॉक्टरांकडून यकृताची तपासणी करून घ्यावी.

सर्वांत मोठा धोका मात्र वेळ दवडण्याचा आहे. स्तन, फुफ्फुस, आतडे व प्रोस्टेट यांचा, शरीरात इतरत्र न पसरलेला कर्करोग असताना केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांचा अभ्यास येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. कर्करोग, मधुमेह यांसारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. जाहिरातीत असा दावा दिसला, तर तेवढ्यावरूनच सावध व्हावे.

पूरक उपचार घ्यायचाच असेल, तर तो आपल्या डॉक्टरांपासून लपवू नये. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास, पित्ताशयात खडे असल्यास किंवा शस्त्रक्रिया ठरली असल्यास करक्युमिनची माहिती त्यांना आवर्जून द्यावी. नोंदणीकृत वैद्यांचाच सल्ला घ्यावा, बाटलीवरील घटक वाचावेत आणि सुरू असलेले औषध परस्पर बंद करू नये. एवढे पथ्य पाळले, तर हळद आधुनिक उपचारांना पूरक ठरू शकेल. त्यांची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.