करी हाऊसमधला कथक

लंडनच्या ब्रिक लेनवर ५९ क्रमांकाची एक इमारत आहे. १७४३ साली ती फ्रान्समधून जीव मुठीत धरून आलेल्या ह्यूगनॉट प्रोटेस्टंटांनी चर्च म्हणून बांधली. १८१९ मध्ये ती मेथडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून तिथे मशीद आहे. देव बदलले, विटा त्याच राहिल्या. आधी रेशीम विणणारे फ्रेंच आले, मग कपडे शिवणारे ज्यू आणि त्यांच्यामागून आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचे बंगाली. या बंगाल्यांनी शिवणयंत्रं तर चालवलीच, शिवाय रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रेस्तराँ थाटली. इंग्रज गिऱ्हाईक त्यांना आजही ‘इंडियन’ म्हणतं. ब्रिटनमधली असली बहुतेक रेस्तराँ मुळात बांगलादेशी माणसांनी चालवलेली आहेत, हे तिथे जेवणाऱ्या कित्येकांच्या गावीही नसतं.

काही वर्षांपूर्वी ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीने ‘द करी हाऊस किड’ नावाचा एक माहितीपट दाखवला. त्यात याच रस्त्यावर येणारा माणूस म्हणजे अक्रम खान, आजच्या जगातला मोठा नर्तक आणि नृत्यरचनाकार. त्याचा जन्म १९७४ चा, लंडनच्या विम्बल्डन भागातला. आईवडील बांगलादेशी, वडिलांचं रेस्तराँ. त्या धंद्याकडे पाठ फिरवून मुलगा नाचाकडे गेला. चाळिशी ओलांडल्यावर तो मागे वळतो, ब्रिक लेनवरच्या जुन्या माणसांना भेटतो, त्यांच्या आठवणी ऐकतो आणि त्यातून नाच उभा करतो. स्थलांतरितांच्या घराण्यांवर माहितीपट पुष्कळ निघतात. त्यात जुने फोटो, पिवळी पडलेली कागदपत्रं, बंदरावरच्या नोंदवह्या दिसतात. पण बोटीवर कोळसा ओढणाऱ्या आणि मग तीस वर्षं कांदा चिरणाऱ्या माणसाने मागे कागद ठेवलेला नसतो. मागे राहते ती उभं राहण्याची, वाकण्याची, ताट उचलण्याची ढब. ती टिपायला नाच आणि कॅमेरा हीच साधनं खरी, असं माझं मत आहे. अक्रम खानचं काम त्याचा उत्तम दाखला.

ही माणसं लंडनला पोचली कशी? ब्रिटिश आगबोटींवर जे आशियाई खलाशी असत त्यांना ‘लास्कर’ म्हणत. कामाची वाटणी प्रांतवार होती. सिल्हेटी माणूस बहुधा तळाशी, इंजिनाच्या भट्टीपाशी. डेकवर आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ, तर जेवणघरात आणि केबिनच्या दिमतीला गोवेकर. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या गावागावांचे जे कूड, म्हणजे सामायिक बिऱ्हाडं, होते, ते बोटीची वाट पाहणाऱ्या याच माणसांचे. भट्टीपाशी भाजून निघालेले काही सिल्हेटी लंडनच्या गोदीत उतरले ते बोटीवर परतलेच नाहीत. त्यांतल्या काहींनी पुढे खाणावळी काढल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते, तेव्हा त्यांच्यामागे भाऊ, भाचे, गाववाले आले. बायकामुलं मात्र बऱ्याच उशिरा, मुख्यतः सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत. तोवर एका खोलीत पाचसहा पुरुष, पाळीपाळीने निजायचे. गिरणगावातल्या गाळ्याची हकीकत ज्यांनी घरात ऐकली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

‘हिंदी’ जेवणाचं लंडनमधलं पहिलं ठिकाण मात्र त्याच्याही फार आधीचं. पाटण्याच्या दीन महंमदने १८१० मध्ये पोर्टमन स्क्वेअरजवळ ‘हिंदोस्तानी कॉफी हाऊस’ काढलं होतं. ते चाललं नाही. साहेबाला करीची चटक लागायला आणखी शंभरसव्वाशे वर्षं जावी लागली.

रेस्तराँमधल्या वेटरच्या हसऱ्या चेहऱ्यामागे काय होतं, हे कळल्याशिवाय ‘द करी हाऊस किड’ नीट कळणार नाही. सत्तरच्या दशकात पूर्व लंडनमध्ये नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचा जोर होता. रात्री दारू पिऊन आलेलं गिऱ्हाईक शिव्या देई, बिल न भरता निघून जाई, आणि तो दिवस बराच म्हणायचा. ४ मे १९७८ च्या संध्याकाळी अल्ताब अली हा पंचविशीतला शिवणकामगार काम संपवून घरी चालला होता. ॲडलर स्ट्रीटवर तीन पोरांनी त्याला भोसकलं. दहा दिवसांनी, १४ मे रोजी, सुमारे सात हजार माणसं त्याच्या शवपेटीमागून मध्य लंडनमध्ये चालत गेली. तोवर मान खाली घालून राहणारी ही बिरादरी पहिल्यांदा एवढ्या संख्येने रस्त्यावर उतरली. १९९८ मध्ये जवळच्या बागेला त्याचं नाव देण्यात आलं. ढाक्यातल्या हुतात्मा स्मारकाची, शहीद मिनारची, छोटी प्रतिकृतीही तिथे आहे.

अशा शहरात अक्रम वाढला. आईने लहानपणीच त्याला बंगाली लोकनृत्य शिकवलं, आणि सातव्या वर्षी तो प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकू लागला. पवार हे बिरजू महाराजांचे शिष्य. पौगंडात असताना नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रुकच्या ‘महाभारता’बरोबर तो देशोदेशी हिंडला. १९८९ मध्ये त्यावर पडद्यासाठी जी आवृत्ती निघाली, तीतही तो आहे. मग लेस्टर आणि लीड्समध्ये आधुनिक पाश्चात्त्य नृत्याचं शिक्षण झालं. कथकात पाठीचा कणा ताठ आणि पाय जमिनीवर आपटणारे, तर आधुनिक नृत्यात कणा मोडतो, अंग जमिनीला शरण जातं. दोन्ही एकाच देहात आल्यावर काय होणार? अंगाचा गोंधळ उडाला, असं तो स्वतःच सांगत आला आहे. पण त्याची शैली या गोंधळातूनच आली. ‘फ्यूजन’ हा शब्द मला या ठिकाणी तोकडा वाटतो, कारण फ्यूजनमध्ये दोन गोष्टी शेजारी ठेवता येतात. इथे त्या एकमेकींच्या अंगावर धावून जातात.

त्याच्या ज्या कामात घराण्याचा शोध पहिल्यांदा ठसठशीत दिसतो ते म्हणजे २००५ चं ‘झीरो डिग्रीज’. त्याचं चित्रीकरणही उपलब्ध आहे आणि ते जरूर पाहावं. सोबतीला नर्तक सिदी लार्बी शेरकावी, हा मोरोक्कन बाप आणि बेल्जियन आई यांचा मुलगा. संगीत नितीन साहनीचं. सुरुवातीला दोघं मांडी घालून शेजारी बसतात आणि बांगलादेश-भारत सीमेवरची एक हकीकत सांगतात. अक्रमचा पासपोर्ट अधिकारी काढून घेतात, तो हातोहात फिरत राहतो. हातात पासपोर्ट नाही तर मी कोण? हकीकत एकाची, पण सांगतात दोघं, एकाच वेळी, प्रत्येक अडखळणं आणि हाताची प्रत्येक हालचाल तंतोतंत जुळवून. माणूस बोलताना नाक खाजवतो, बोट उगारतो, वाक्य अर्धं सोडतो, तेही दोघांचं सारखं. रंगमंचावर दुसऱ्या बाल्कनीतून हे कळायला वेळ लागतो. कॅमेरा जवळ गेला की क्षणात अंगावर काटा येतो.

नाच जवळून दाखवावा की दुरून, हा पडद्यावरचा जुना वाद आहे. हॉलिवूडचा नर्तक फ्रेड अस्टेअरचा हट्ट असे की नाचणारा डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत हवा आणि मध्येच तुकडे पाडायचे नाहीत. कथकवाल्यांना हे पटेल. ततकार, म्हणजे पायांचं काम, चालू असताना कॅमेरा चेहऱ्यावर गेला तर रसिक चिडणारच. दुसऱ्या टोकाला चित्रपट-दिग्दर्शिका माया डेरेन. तिचं कुटुंब १९२२ मध्ये कीव्ह सोडून अमेरिकेत आलं. १९४५ मध्ये तिने जेमतेम काही मिनिटांचा एक मूकपट केला, ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’. त्यात टॅली बीटी हा नर्तक रानात पाय उचलतो आणि तोच पाय टेकतो एका घरातल्या खोलीत. हालचाल एकच आणि अखंड, जागा मात्र दोन. रंगमंचावर हे शक्य नाही, ते फक्त संकलनाच्या टेबलावर होतं. डेरेनने तो चित्रपट स्थलांतरावर केलेला नाही, तरी देश सोडलेल्यांची अवस्था मला त्यात दिसते. पाय सिल्हेटच्या अंगणात उचलायचा आणि ब्रिक लेनच्या फरशीवर ठेवायचा.

‘करी हाऊस किड’मध्ये संकलनाचं हे सामर्थ्य पुरतं वापरलेलं नाही, असं मला वाटतं. टीव्हीच्या माहितीपटाला सगळं बोलून सांगायची सवय असते. मुलाखती, रस्ते, आठवणी यांत नाचाच्या वाट्याला वेळ कमी येतो. तरीही त्याचं मोल आहे. या घरांत आजवर बाप बोलला नव्हता आणि पोराने विचारलं नव्हतं. पोराला रेस्तराँची लाज होती, बापाला पोराच्या नाचाची चिंता. ती कोंडी इथे फुटते.

बापाची खरी भेट मात्र २०११ च्या ‘देश’मध्ये होते. हा ऐंशी मिनिटांचा एकपात्री रंगमंचीय प्रयोग. नेपथ्य टिम यिप यांचं, म्हणजे ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’च्या कलादिग्दर्शनासाठी ऑस्कर मिळवलेल्या माणसाचं. त्यात अक्रम तुळतुळीत डोक्यावर रंगाने डोळे आणि तोंड काढतो आणि मान खाली घालतो. समोर एक बुटका, म्हातारा, आचारी बाप उभा राहतो. मुलगा वाकल्याशिवाय बाप दिसत नाही! नूर हुसेनचाही संदर्भ यात येतो. अंगावर लोकशाहीची घोषणा रंगवून तो १० नोव्हेंबर १९८७ रोजी ढाक्यात मोर्चात उतरला आणि पोलिसांच्या गोळीने मेला. एकाच्या देहावर बापाचा चेहरा, दुसऱ्याच्या देहावर घोषणा. पुढे या प्रयोगावरून मुलांसाठी ‘छोट्टो देश’ही निघाला.

  २०१६ मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी अक्रमने ‘जिझेल’ हे जुनं बॅले नव्याने रचलं. मूळची खेडुतांची पोर इथे बंद पडलेल्या कापड-कारखान्यातली स्थलांतरित कामगार झाली. तेही चित्रित होऊन चित्रपटगृहांत लागलं. अल्ताब अली शिवणकामगारच होता, हे ध्यानात ठेवून ते पाहा.

आपल्याकडे असं कुणी केलं आहे का? सामग्री तर भरपूर आहे. कोकणातला जाखडी नाच चाकरमान्यांबरोबर मुंबईत आला. पायात घुंगरू, गोल रिंगण, शक्ती-तुऱ्याचे सवालजवाब. मुंबईकरांनी त्याला ‘बाल्या नाच’ म्हणून हिणवलंही. तोच नाच करारबद्ध मजुरांबरोबर मॉरिशसला गेला आणि तिथल्या मराठी कुटुंबांत ‘झाकरी’ या नावाने गणपतीत अजून होतो. १८३४ पासून हे मजूर पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. परळच्या चाळीतलं रिंगण आणि मॉरिशसच्या गावातलं रिंगण एकाच हालचालीने जोडणारा चित्रपट एखाद्या मराठी मुलाने किंवा मुलीने करावा, त्यासाठी ऑस्करवाला नेपथ्यकार लागत नाही.

तोवर निदान एवढं करा. गणपतीत गावी गेलात आणि आजोबा किंवा काका रिंगणात उतरले, तर फोन आडवा धरा. त्यांना डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत घ्या, चेहरा मोठा करायच्या नादात पाय कापू नका. मूळ आवाज तसाच ठेवा, वर सिनेमाचं गाणं चिकटवू नका. नाच संपल्यावर फोन बंद करण्याआधी त्यांना विचारा, हे पाऊल कुणाकडून शिकलात आणि ते कुठल्या गावचे. उत्तर त्यांच्याच आवाजात घ्या, खाली तारीख आणि नावं लिहा, आणि एक प्रत घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा. फोन हरवतात.