हर्णैचा ओला कागद

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की चित्र काढणाऱ्याने तिथे लुडबुडू नये. मी कनकदुर्गाच्या चढावर बोर्ड मांडतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगरलेल्या होड्या. एप्रिलमध्ये सूर्य त्या बाजूला कलला की तटबंदीचे बुरूज-जंग्या दिसेनाशा होतात, उरतो एक निळसर करडा पट्टा. निम्मं काम दमट हवाच करून देते.

कागद सुती, ३०० जीएसएमचा. त्यावर आधी नुसतं पाणी फिरवायचं, मग आकाशाचा फिका वॉश, आणि मग हात आवरायचा. पुण्यात उन्हाळ्यात कागद बघता बघता वाळतो, इथे वाळता वाळत नाही. कागद तिरका धरून बघत राहायचं. चकाकी आहे तोवर रंग वाट फुटेल तिकडे पळतो. चकाकी जाऊन नुसती ओल राहिली, की सुवर्णदुर्ग टेकवायचा. कड विरघळते, पण आकार हलत नाही. त्यानंतर पाण्याने भरलेला ब्रश लागला, तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलतो. काहींना तो आवडतो. मला आकाशात खपत नाही.

करड्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पुरे. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि धूसरपणा आपसूक येतो. ट्यूबमधल्या काळ्याने तो मरतो.

पाण्यावरची चमक म्हणजे कोरा कागद. जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून झटकन ओढायचा. रंग उंचवट्यांवर लागतो, खळगे पांढरे राहतात. तिथेच पुन्हा ब्रश फिरवला की चमक गेली.

लूज म्हणजे कसंही, असं शिकाऊ मंडळींना वाटतं. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र अगदी काटेकोर आहे. सैल हाताच्या चित्रालाही शिस्त तेवढीच लागते, फक्त ती ब्रश टेकवण्याआधी पाळायची असते.

होड्या मोजून काढू नका. एक नीट काढा, बाकीच्यांना डोलकाठीची रेघ आणि बावट्याचा लाल ठिपका पुरतो. आणि जलरंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा किल्ला डोळ्यांना दिसतो त्याहून थोडा गडदच लावा.