व्हरांडा कुणाचा?

शाळेत वर्गांच्या पुढे जो लांबट, छप्पर असलेला आणि एका बाजूने उघडा भाग असतो, त्याला आपण व्हरांडा म्हणतो. हा शब्द कोणत्या भाषेतला, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी 'इंग्रजी' असे उत्तर देतील. पण इंग्रजी कोश पाहिला, तर हा शब्द भारतातून आल्याचे तो सांगतो. मग व्हरांडा खरा कुणाचा?

आधी वस्तूकडे पाहू. खालापूर तालुक्यातले साजगाव किंवा शेजारचा कर्जतचा भाग सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. येथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीवर पावसाची झड सतत आली, तर ती टिकणार नाही. म्हणून छप्पर पुढे उतरते घेऊन भिंत झाकायची. त्याखाली जी जागा मिळते ती पडवी. उन्हाळ्यात हेच छप्पर भिंतीला सावली देते. म्हणजे वस्तू आपल्याकडे होती आणि तिला पडवी, ओटी, ओसरी अशी नावेही होती. यावरून 'व्हरांडा' हा शब्दही आपलाच असला पाहिजे, असे वाटणे साहजिक आहे. पण वस्तू आणि शब्द यांचा इतिहास एकच असतो, असे नाही.

साम्य म्हणजे पुरावा नव्हे

हा शब्द भारतीय आहे असे म्हणणारे दोन दाखले देतात. पहिला, संस्कृत कोशांतला 'वरण्ड'. गवताचा ढीग, झुंजणाऱ्या दोन हत्तींमधली भिंत असे त्याचे अर्थ आहेत. दुसरा, हिंदीतला 'बरामदा'. त्याचा संबंध फारसीतल्या 'बर-आमद' म्हणजे 'बाहेर आलेले' याच्याशी जोडतात. दोन्ही शब्द ऐकायला जवळचे वाटतात. पण केवळ उच्चारातले साम्य फसवे असते. 'बदनाम' या शब्दातला फारसी 'बद' आणि त्याच अर्थाचा इंग्रजी 'बॅड' यांत उच्चार जुळतो, अर्थही जुळतो. तरीही त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तो निव्वळ योगायोग आहे.

तारखा काय सांगतात?

शब्दाच्या प्रवासाची दिशा ठरवायची तर तो कुठे आणि केव्हा लिहिला गेला, हे पाहावे लागते. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोचला. त्याच्या सफरीतल्या एका सोबत्याने लिहिलेल्या पोर्तुगीज वृत्तांतात 'वरांदा' हा शब्द येतो, तोही कोणतेही स्पष्टीकरण न देता. नव्याने कानावर पडलेला परका शब्द कोणी असा वापरत नाही. पुढे 1505 मध्ये स्पेनमधील ग्रानाडा येथे पेद्रो दे आल्काला याचा स्पॅनिश-अरबी शब्दसंग्रह छापला गेला. त्यातही 'वरांदास' आहे. भारतातून गलबते परतू लागून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. एवढ्यात एखादा भारतीय शब्द स्पेनमध्ये रुळून कोशात जाणे अवघड आहे. यूल आणि बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' या 1886 च्या कोशात हे दोन्ही दाखले दिले आहेत.

आजही स्पॅनिशमध्ये 'बरांदा' म्हणजे कठडा, तर पोर्तुगीजमध्ये 'वरांदा' म्हणजे सज्जा. कठड्यावरून कठडा असलेल्या जागेकडे, असा अर्थ सरकलेला दिसतो. मात्र त्याआधीचे मूळ कोणते, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

परतीचा प्रवास

मग इंग्रजी कोश चुकला काय? नाही. पोर्तुगीजांनी आणलेला शब्द भारतात रुळला. इंग्रजांनी अठराव्या शतकात तो येथेच उचलला आणि आपल्याबरोबर इंग्लंड, ऑस्ट्रेलियापर्यंत नेला. इंग्रजीतून तो फ्रेंच, जर्मन आणि रशियन भाषांत गेला. हवामान बदलले तसा अर्थही बदलला. आज फ्रान्समध्ये 'वेरांदा' म्हणजे बहुधा काचेने बंद केलेली खोली. आपल्याकडे ऊन-पाऊस अडवायचा, तर तिकडे थंडी अडवून ऊन आत घ्यायचे!

मराठीत हा शब्द कोणत्या वाटेने आला असेल? चावी, बिजागरी हे शब्द आपण थेट पोर्तुगीजांकडून घेतले. पोर्तुगीज 'शाव'चे आपण 'चावी' केले, त्यात साधा 'व' आहे. 'व्हाइसरॉय', 'व्हॉल्व्ह' अशा इंग्रजी शब्दांत मात्र आपण 'व्ह' लिहितो. 'व्हरांडा'तला 'व्ह' इंग्रजी वाटेकडे बोट दाखवतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

विद्यार्थ्यांना घराच्या भागांची आणि त्यातल्या वस्तूंची नावे लिहून आणायला सांगावीत. पडवी, माजघर, खिडकी, कडी, बिजागरी, स्लॅब, गॅलरी अशी यादी सहज होईल. मग प्रत्येक नावापुढे दोन प्रश्न लिहावेत. वस्तू कुठून आली? शब्द कुठून आला? उत्तरे नेहमी एक येणार नाहीत. 'आपला' किंवा 'परका' असा शिक्का मारण्याआधी पुरावा मागण्याची सवय लागली, तर भाषेचा तास विज्ञानाचाही होईल.