ठेवा कुठे ठेवाल?

बालमित्रांनो, तुमच्या घरी एखादी लोखंडी पेटी किंवा कपाटातला कुलपाचा कप्पा असेलच. काय असतं त्यात? शेताचा सातबारा, आजोबांचं मॅट्रिकचं प्रमाणपत्र, आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम. या वस्तू पुन्हा मिळायच्या नाहीत, म्हणून त्या जपून ठेवलेल्या.

आता सांगा बरं, ताईच्या लग्नातले फोटो कुठे आहेत? आजीने म्हटलेलं गाणं कुठे आहे? बहुतेक जण म्हणतील, "बाबांच्या मोबाईलमध्ये!" आणि तो मोबाईल विहिरीत पडला तर? त्याला कुठलं कुलूप लावणार?

ताडकळसच्या ओव्या

आपल्याच जिल्ह्यातली एक खरी गोष्ट ऐका. पूर्णा तालुक्यात ताडकळस नावाचं गाव आहे. तिथल्या गंगूबाई अंबोरे जात्यावरच्या ओव्या फार गोड गळ्याने म्हणायच्या. वनवासात एकट्या पडलेल्या सीतेचं दुःख त्या ओव्यांमधून सांगायच्या. १९९६ साली त्यांचा आवाज ध्वनिफितीवर टिपला गेला.

तो टिपला कुणी? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ओव्या गोळा करायचं काम सुरू केलं. गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. मग जात्याबरोबर ओव्याही जातील, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक या कामात आले. त्यांच्यामुळे १२० तासांहून जास्त गाणं ध्वनिमुद्रित झालं आणि ओव्या संगणकात गेल्या.

आज गंगूबाई नाहीत. हेमाताई आणि पॉइतवाँही नाहीत. त्या काळची टेपयंत्रंसुद्धा आता घरोघरी दिसत नाहीत. तरी गंगूबाईंचा आवाज आजही आपल्याला ऐकता येतो! हे कसं घडलं?

कारण तो एकाच जागी अडकून पडला नाही. ओव्या कागदावर होत्या, फितीवर होत्या, संगणकातही होत्या. हा संग्रह आधी दिल्लीजवळच्या गुडगावमध्ये सांभाळला गेला, नंतर फ्रान्समध्येही. आणि पुढे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे 'पारी', या संस्थेने तो सगळ्यांसाठी खुला केला. साधन जुनं व्हायच्या आत ठेवा नव्या साधनावर उतरवला गेला, म्हणून तो टिकला.

याच्या उलट उदाहरण पाहा. 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट. १४ मार्च १९३१ रोजी तो मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात लागला, तेव्हा लोकांची झुंबड उडाली होती. आज त्याची एकही प्रत कुठे सापडत नाही. गाजलेला सिनेमा हरवतो आणि ताडकळसची ओवी टिकते. आहे की नाही नवल?

कोणतं साधन किती भरवशाचं?

आता आपल्या घरचं बघू. दुकानात गेलात तर बरीच साधनं दिसतील. प्रत्येकाचे गुण वेगळे, खोडी वेगळ्या.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड : यांच्या आत विजेचा अतिशय सूक्ष्म भार साठवलेला असतो. पण माठातलं पाणी जसं हळूहळू झिरपतं, तसा हा भारही हळूहळू निसटतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उष्णतेत हे झिरपणं वाढतं. म्हणून पेन ड्राइव्ह या शाळेतून त्या दुकानात नेण्यासाठी छान, पण वर्षानुवर्षं कपाटात ठेवून देण्यासाठी नाही. शिवाय तो इतका लहान की दप्तरात हरवतोसुद्धा!

एसएसडी : ही पेन ड्राइव्हचीच मोठी, तल्लख बहीण. वेग भरपूर, खाली पडली तरी सहसा मोडत नाही. रोजच्या कामाला उत्तम. पण वर्षानुवर्षं वीज न देता ठेवली, तर तिच्यावरही भरवसा नको.

हार्ड डिस्क : हिच्या आत एक चकचकीत तबकडी गरागरा फिरते. तिच्यावर चुंबकाच्या खुणांनी माहिती लिहिलेली असते. वाचणारी सुई तबकडीपासून जेमतेम वर तरंगते; ते अंतर आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असतं! म्हणून चालू असताना धक्का लागला की घात झालाच. पण थोड्या पैशांत पुष्कळ माहिती मावते आणि बंद करून नीट ठेवली तर माहिती बरीच वर्षं राहते. घरासाठी हीच सोयीची.

सीडी आणि डीव्हीडी : घरी लिहिता येणाऱ्या तबकडीत रंगाचा पातळ थर असतो. त्यावर लेझरने खुणा उमटवतात. ऊन लागलं की हा रंग उडतो, ओरखडा पडला की वाचता येत नाही. 'एम-डिस्क' नावाच्या तबकडीत रंगाऐवजी दगडासारखा टणक थर असतो. ती हजार वर्षं टिकेल असं बनवणारे सांगतात. पण एक विचार करा, हजार वर्षांनी ती वाचणारं यंत्र कुणाकडे असेल? आजच कितीतरी नव्या संगणकांना सीडीची खाचच नसते. फ्लॉपीचं काय झालं, ते आई-बाबांना विचारा. सोनी कंपनीने २०११ साली फ्लॉपी बनवणं थांबवलं.

कागद : हसू नका! चांगल्या कागदावर छापलेला फोटो वाचायला ना वीज लागते, ना यंत्र. सगळे नाही, पण घरातले निवडक वीस-पंचवीस फोटो जरूर छापून घ्या.

मग घ्यायचं काय?

मुलांनो, कधीच न बिघडणारं साधन अजून बनलेलं नाही. म्हणून "सगळ्यात चांगलं कोणतं?" असं विचारण्याऐवजी "एक बिघडलं तर दुसरं कुठे आहे?" असं विचारायचं. यासाठी जगभर एक सोपा हिशेब वापरतात : तीन, दोन, एक. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी.

म्हणजे एक प्रत संगणकात किंवा मोबाईलमध्ये. दुसरी घरच्या हार्ड डिस्कवर. तिसरी मामाच्या किंवा आत्याच्या घरी. दुसरं गाव कशाला? २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यात केवढा पाऊस झाला! घरात पाणी शिरलं तर एकाच कपाटातल्या तिन्ही प्रती एकदमच भिजणार.

पालकहो, एक विनंती. प्रत काढून झाली की हार्ड डिस्कची वायर काढून ठेवा. सतत जोडलेली डिस्क संगणकाबरोबरच विजेच्या झटक्याने किंवा व्हायरसने बिघडू शकते. हार्ड डिस्क खूप जुनी होऊ देऊ नका. चार-पाच वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवा.

हे करून पाहा

१. या रविवारी घरच्यांबरोबर बसून यादी करा : पुन्हा कधीच मिळणार नाही असं आपल्याकडे काय काय आहे?

२. आजीचं गाणं किंवा आजोबांची गोष्ट मोबाईलवर टिपा. फाइलला नाव द्या : कोण, कुठे, कधी. नाव नसलेला आवाज पुढे कुणाला ओळखू येणार?

३. डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवा. नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी येते, तीही सोबत ठेवा. लहान भावंडांच्या हाती मात्र ती लागू देऊ नका.

४. दर दिवाळीच्या साफसफाईत डिस्क जोडून दोन-चार फाइली उघडून पाहा. फोटो दिसतो का? गाणं वाजतं का?

डबा भरून ठेवला म्हणजे धान्य टिकलं असं नसतं. आई अधूनमधून झाकण उघडून पाहतेच ना? आठवणींचंही तसंच आहे. चला तर, आधी आजीला गाऊ द्या!