दोन बटणांमधली दहा बोटे

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या लहान शेडमध्ये पॉवर प्रेसचा धाडधाड आवाज दिवसभर चालू असतो. ऑपरेटर पत्रा डायवर ठेवतो, प्रेस खाली येतो, सुटा भाग बाहेर पडतो. पाळीत हजारो वेळा हेच. एकदा लक्ष चुकले, की बोटे जातात.

यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याचे बंधन 1948 च्या कारखाने अधिनियमानेच घातले. उपायही साधे आहेत. दोन बटणे दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही. म्हणजे हात डायपासून लांबच राहतात. मात्र उत्पादनाच्या घाईत एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले, की सगळे संरक्षण संपते.

प्रकाशकिरणांचा पडदा हात मध्ये येताच प्रेस थांबवतो. पण जुन्या पिन-क्लच प्रेसचा सुरू झालेला स्ट्रोक अर्ध्यावर थांबत नाही. तिथे सेन्सर कुचकामी. पक्की जाळीच हवी. तुकडा अडकला, तर हात न घालता चिमटा वापरावा आणि डाय बदलताना वीज तोडून स्विचला कुलूप लावावे.

‘कामगार बेफिकीर होता’ एवढ्यावर अपघाताची चौकशी थांबवू नका. मालकांनो, सुपरवायझरांनो, आज पाळी सुरू होण्याआधी प्रत्येक प्रेसची दोन्ही बटणे स्वतः तपासा.